बारीबाईंचं कपाट

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला माझंच नेमणुकीचं पत्र हातात मिळायला साडेतीन तास लागले. पत्र टेबलावर समोर पडलं होतं. त्यावरचं माझं नाव मला उलट्या बाजूनेसुद्धा स्वच्छ वाचता येत होतं. पण पत्रावर कॉलेजच्या हेडक्लार्क बारीबाईंचा हात होता.

"तुम्हीच ते कशावरून?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, जळगावहून आल्याचं सांगितलं. सकाळीच प्राचार्यांनी आपल्या खोलीत बसवून चहा पाजल्याचंही सांगितलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चहा ते सगळ्यांना पाजतात. आधारकार्ड दाखवा." आधारकार्ड मसोलीला, आदल्या दिवशी भाड्याने घेतलेल्या खोलीवर, बॅगेच्या तळाशी होतं. जून लागला होता तरी ऊन मे महिन्याचं होतं. मी चालत गेलो, चालत आलो, आणि वाटभर या बाईंची बदली कुणाकडे सांगून करता येईल याचा विचार केला. नोकरीचे अवघे दोन तास झाले होते.

कार्ड पाहून बाईंनी पत्रावरचा हात काढला. मी सहीसाठी पेन उचललं, तर म्हणाल्या, "बसा तिथे बाकावर. वाचा. सगळं वाचा, मग सही." मी चडफडत वाचायला बसलो आणि चौथ्या ओळीला थांबलो. माझं जन्मवर्ष एकाने चुकलं होतं. तसंच राहिलं असतं, तर मला एक वर्ष आधी निवृत्त होऊन घरी बसावं लागलं असतं. मी घाबरून चूक दाखवली. बाईंना काहीच नवल वाटलं नाही. "म्हणून बोलते, ज्याचा कागद त्याने वाचावा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून दुरुस्तीचा अर्ज लिहून घेतला, त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, आणि मग डब्यातून एक चिकू काढून माझ्यापुढे ठेवला.

हे कॉलेज डहाणूत आहे, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही, बाईंना आवडलं नसतं. बाई राहायच्या नरपडला, नवऱ्याची तिथे चिकूची छोटी वाडी होती. अंगाने किरकोळ, साडी नेहमी फिकट सुती, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या गोफात ओवलेली एक किल्ली. ही किल्ली रेकॉर्डच्या कपाटाची. प्राचार्यांच्या खोलीची किल्ली शिपाई खिळ्याला अडकवून ठेवायचा, पण कपाटाची किल्ली बाई जेवतानासुद्धा काढत नसत. कपाटात कॉलेज सुरू झाल्यापासूनच्या मुलामुलींच्या फायली होत्या: दाखले, गुण, हजेरी, जातीची प्रमाणपत्रं, आजारपणाचे अर्ज, माफीनामे. आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळून पिकायला घातलेले चिकू. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या दाखल्यांना चिकूचा वास येत असे. पुण्यामुंबईच्या कॉलेजांत आमच्या मुलांचे दाखले वासावरून ओळखत असतील, असं मी एकदा म्हणालो. बाई म्हणाल्या, "ओळखू देत. वासावरून वाचू नाय शकत ना?"

बाई स्वतः किती शिकल्या आहेत, हा आमच्या स्टाफरूमचा कायमचा विषय होता. भूगोलाचे सर म्हणत, बाई सातवी पास, जुन्या काळी वशिल्याने लागल्या. इंग्रजीच्या मॅडम म्हणत, छे, बाई बीए आहेत, त्यांचं अर्ज तपासणं पाहा. शिपाई तुकाराम छातीठोक सांगायचा की बाई वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होत्या आणि लग्न झालं. पुरावा एकाकडेही नव्हता, कारण बाईंचं सर्व्हिस बुक त्याच कपाटात होतं. एकदा मीच धीर करून विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण किती झालंय?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला हाताखाली ठेवण्यापुरतं झालंय." त्यानंतर मी तो विषय सोडला, म्हणजे तोंडाने सोडला.

कपाटापाशी आलेल्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे, "कागद कोनाचा?" माझा, असं उत्तर आलं की बाई जगातल्या सगळ्यात उदार बाई व्हायच्या. फाईल काढून द्यायच्या, पंखा लावायच्या, बाकावर बसवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला लावायच्या. मुलाला घाई असली तरी सोडत नसत. "तुझ्याबद्दल लोकांनी काय काय लिहून ठेवलंय, ते तुला नको ठाऊक?" असं म्हणायच्या. एका मुलाच्या फाईलमध्ये 'वर्तन असमाधानकारक' असा शेरा निघाला. पोरगा रडकुंडीला आला. बाईंनी शेरा लिहिणाऱ्या सरांना तास संपल्यावर खिडकीशी बोलावलं आणि विचारलं, "सर, यानं काय केलं होतं?" सरांना काही आठवेना. "आठवत नाय तर खोडा," बाई म्हणाल्या, "नाहीतर आठवून लिहा." सरांनी खोडलं आणि खोडल्याची तारखेसह सहीही केली, कारण त्याशिवाय बाई त्यांना जाऊ देणार नव्हत्या.

आणि 'माझ्या मुलाचा', 'माझ्या पुतणीचा', 'आमच्या होणाऱ्या सुनेचा' असं उत्तर आलं, की पंखा बंद.

डिसेंबर ते मे, लग्नं जुळवण्याच्या दिवसांत, दर आठवड्याला कुणीतरी दोघं इस्त्रीच्या कपड्यांत यायचे. आधी चिकूच्या भावाची चौकशी करायचे, मग हवेची, मग हळूच, "ती अमुक अमुक मुलगी तुमच्याकडेच होती ना? नापास-बिपास नाही ना झाली कधी?" बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? मुलगी बघायची तर तिच्या घरी जा. ती दाखवील तिला वाटलं तर." एकदा बाजारपेठेतले एक गुजराती व्यापारी आपल्याच मुलीचे गुण बघायला आले. चांगले वजनदार गृहस्थ, कॉलेजला पंखे देणगी दिलेले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "भाई, छोकरी तमारी, पण कागळ एनो." मुलगी तुमची, पण कागद तिचा. गृहस्थ म्हणाले, अहो, फी मी भरतो. बाई म्हणाल्या, "तिला अठरा पूर्ण झाली. तिची चिठ्ठी आना, लगेच देते." ते रागारागाने प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी बाईंना बोलावलं नाही. त्यांनी पूर्वी कधीतरी एकदा बोलावून पाहिलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी ती मुलगी चिठ्ठी न आणता स्वतःच आली, आपली फाईल वाचून गेली, आणि बापाला काय सांगितलं ते तिचं तिला ठाऊक.

मला हे सगळं अतिरेकी वाटायचं, खोटं कशाला बोलू. मी संगणक शिकून आलेला माणूस. बाईंची पद्धत पाहून तर माझं डोकं उठायचं. त्यांच्या फायली आडनावाप्रमाणे लावलेल्याच नव्हत्या. गाव, मग पाडा, मग आईचं नाव, मग मुलाचं, अशी ती उतरंड होती. बाई मुलांना हाकही तशीच मारायच्या. "वेवजी, आंबापाडा, तू ये. उधवा, तू थांब." मी जळगावचा, म्हणून मी 'खानदेश'. प्रवेश देताना त्या पाड्याचं नाव विचारत, तेव्हा मला वाटे की बाईंना लोकांच्या घरात डोकावायची हौस आहे. मी दोन महिने खपून सगळ्या चालू विद्यार्थ्यांची नावं संगणकात घातली, आडनाव, नाव, वडिलांचं नाव, अकारविल्हे. नाव टाकलं की हजेरी पडद्यावर. बाईंना मोठ्या दिमाखात दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "पाडा कुठाय?"

"पाड्याची गरज नाही बाई, नावावरून सापडतं."

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या. त्या 'बरं'चा अर्थ मला कळायला गणपती जाऊन नवरात्र यावं लागलं.

सप्टेंबरात बाई चार दिवस रजेवर होत्या, लेकीचं बाळंतपण होतं. खिडकी माझ्या ताब्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ चपला दाराबाहेर काढून खिडकीशी उभे राहिले. चपला काढू नका म्हटलं तर ओशाळले. नाव रामा धोडी, वेवजीहून आले होते, त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवली होती. घरी ते आपल्या बोलीत बोलत असणार, माझ्याशी कचेरीतली मराठी जपून बोलत होते. "साहेब, माझी पोर मनीषा. सेकंड इयरला. रोज निघते घरातून सकाळची. कालेजात येते ना, तेवढंच सांगा. बाकी काय नको."

मला त्यांची दया आली, हे खरं. एवढ्या लांबून आलेल्या बापाला चिठ्ठी आण, अर्ज लिही, असं सांगणं मला माणुसकीला सोडून वाटलं. आणि बाईंच्या खिडकीत बसून मी किती झटकन काम करतो, हे मला स्वतःलाच पाहायचं होतं, हेही खरं. मी नाव टाकलं. 'धोडी मनीषा रामा.' पडद्यावर आलं ते वाचून दाखवलं. "जूनपासून एकूण अकरा दिवस."

त्यांनी "मशीनमध्ये तसं हाय?" एवढं विचारलं. मी म्हटलं, हो. त्यांनी हात जोडले, चपला घातल्या आणि गेले. मी खुशीत होतो. एका गरीब बापाची फसवणूक उघडी पाडली, असं मला वाटत होतं. दुपारी डबा खाताना मी हे तुकारामला रंगवून सांगितलंही.

बाई रजेवरून आल्या. आठवडा गेला, दुसरा गेला. एक दिवस खिडकीतून येणारीजाणारी मुलं बघता बघता त्या म्हणाल्या, "वेवजी आंबापाडा दिसत नाय हल्ली." मी सहज म्हटलं, "ती मनीषा ना? ती कुठे येते बाई, जूनपासून अकरा दिवस. तिचे वडील आले होते, त्यांना सांगितलं मी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, दोन फायली काढल्या आणि माझ्यापुढे शेजारीशेजारी ठेवल्या. दोन्हींवर नाव मनीषा रामा धोडी. एक वेवजीची, एक उधव्याची. वर्ग एक, तुकडी एक. आमच्या या भागात एका आडनावाचं अख्खं गाव असतं आणि बापांची नावं फिरून फिरून तीच. पाडा आणि आई विचारल्याशिवाय माणूस सापडत नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, फक्त जळगावच्या संगणकवाल्याला नव्हतं. माझ्या यादीत नाव दोनदा आलं, तेव्हा एकच नाव चुकून दुसऱ्यांदा लिहिलं गेलंय असं समजून मी एक ओळ काढून टाकली होती. राहिली होती ती उधव्याच्या मनीषाची. ती का येत नव्हती, त्याचं कारण तिच्या फाईलमध्ये आहे, आणि ते सांगायचा अधिकार मला नाही.

"बाई, मी चुकीच्या मनीषाचं सांगितलं हो."

"आणि बरोबर मनीषाचं सांगितलं असतंस," बाई म्हणाल्या, "तर चाललं असतं?"

त्या दिवसापर्यंत बाई मला अहो-जाहो करत. त्या वाक्यात त्या 'तू'वर आल्या आणि पुन्हा कधी 'तुम्ही'वर गेल्या नाहीत. खरं म्हणजे तोवर माझी सगळी हळहळ चूक झाल्याची होती. सांगितल्याची नव्हती.

रविवारी आम्ही दोघं वेवजीला निघालो. तलासरीपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. बाईंनी पिशवीत दोन पाकिटं घेतली होती, दोन्ही चिकटवलेली. वाटेत दुकानांच्या पाट्या मराठीतून गुजरातीत गेल्या आणि पुन्हा मराठीत आल्या, माझ्या मोबाइलने दोनदा राज्य बदललं. मी वाटभर काय बोलायचं याची तयारी करत होतो. बाईंना म्हटलं, "गेल्या गेल्या वडिलांना सांगून टाकतो, तुमची मुलगी रोज येत होती, हजेरी चांगली आहे." बाई म्हणाल्या, "तुला कोनी विचारलं?"

"अहो, पण चूक दुरुस्त नको करायला?"

"तुझी चूक तुझी आहे, ती सांग. तिची हजेरी तिची आहे, ती ती सांगेल."

मला हा हट्टीपणाचा कळस वाटला. एका मुलीचं शिक्षण बंद पडलंय आणि या बाई कागद कोणाचा याचा हिशेब करत बसल्या आहेत. पण तोंड उघडायला मला जागाच नव्हती.

कुडाचं सारवलेलं घर, समोर आंबा, अंगणात वाळत घातलेली मिरची. रामाभाऊ दाराशीच बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनीषा घरात होती. ती उंबरगावला कारखान्यात पेन्सिली खोक्यात भरायच्या कामाला जाऊ लागली होती. पहाटे गाडी पाड्यावर यायची, त्यात गावच्या दहाबारा मुली बसायच्या. रविवार म्हणून घरी होती.

"मनीषाकडे काम आहे दादा," बाई म्हणाल्या. "तिचे कागद आनलेत."

"मला द्या की. मी बाप हाय तिचा."

"म्हणून तर तुमच्या दारात आलो. पण कागद तिचा आहे, आधी ती वाचेल."

रामाभाऊंचा चेहरा कठोर झाला, पण दारात आलेल्या पाहुण्याला ते वावगं बोलणारे नव्हते. बाईंनी पाकिटं मनीषाच्या हातात दिली. ती आंब्याखाली दगडावर बसली आणि वाचू लागली. एवढ्यात बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला. "दादा, मी त्या दिवशी मशीनवर बघून जे सांगितलं, ते तुमच्या मुलीचं नव्हतं. दुसऱ्या मुलीचं होतं. चूक माझी झाली."

"कोनाच्या पोरीचं?"

"ते मला सांगता येणार नाही."

रामाभाऊंनी विचारलं, "मग माझीचं काय हाय?"

माझ्या जिभेवर आकडा आला होता. बाईंची नजर माझ्यावर होती. मी आंब्याकडे बोट केलं.

मनीषा दोन्ही पाकिटांतलं सगळं वाचून उठली. एक कागद तिने घडी घालून ओढणीच्या टोकाला बांधला. तो कशाचा होता, ते सांगत नाही. दुसरा तिने बापाच्या हातात दिला. बापाने तो उलटसुलट पाहिला आणि परत तिच्याकडे दिला. "वाच," ते म्हणाले.

तिने वाचलं. जूनपासून बाप कॉलेजात आला त्या दिवसापर्यंतच्या एकसष्ट दिवसांपैकी अठ्ठेचाळीस दिवस हजर.

मग रामाभाऊ म्हणाले, "आनी तेरा दिवस कुठं होतीस?"

"आवणीला, बाबा. तूच घरी ठेवलंस ना भात लावायला."

आधी दारातून तिची आई हसली, मग बाई हसल्या. रामाभाऊ हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. "मी सांगत होते रोज," मनीषा म्हणाली, बापाला नाही, मला. "बाबा बोलला, तू खोटं बोलशील, मशीन कशाला खोटं बोलेल?"

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. त्या मुलीचा शब्द, तिचं रोज पहाटे उठणं, दोन वाहनं बदलून येणं, हे सगळं एका बाजूला, आणि माझ्या यादीतली एक ओळ दुसऱ्या बाजूला. आणि घरात जिंकली होती ओळ. बाईंनी तिच्याच हातात कागद का दिला, तिच्याच तोंडून का वाचून घेतला, ते मला त्या अंगणात कळलं. मी सांगितलं असतं तर पुन्हा माझाच शब्द खरा ठरला असता. मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

दिवाळीनंतर मनीषा कॉलेजात परत आली. त्या रविवारी परतीच्या वाटेवर एसटीत बाईंनी मला चिकू दिला. मी म्हटलं, "बाई, मी यादीत पाडा आणि आईचं नाव घालतो." त्या म्हणाल्या, "घाल. आनी खिडकीत बसलास की तोंडाला कुलूप घाल." वर्षादोनवर्षांनी वरून एक परिपत्रक आलं, की विद्यार्थ्याची वैयक्तिक माहिती त्याच्या संमतीशिवाय कुणालाही देऊ नये. मी ते धावत बाईंना नेऊन दिलं. बाईंनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "वरचे आले म्हणायचे वाटेवर."

मनीषा हे तिचं नाव नाही, धोडीही नाही, आणि आंबापाडा मी माझ्या मनाने वसवला आहे. हे लिहून झाल्यावर मी तिला फोनवर पाठवलं. ती आता स्वतः एका शाळेत शिकवते. तिने दोन दिवसांनी परत पाठवलं, सगळं वाचलं असं लिहून. दोन ओळी तिने खोडायला सांगितल्या. त्या इथे नाहीत.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी गळ्यातली किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली, आणि दिल्याबद्दल माझी सही घेतली. नंतर खालच्या कप्प्यातले चिकू काढून पिशवीत भरले. "हे मी चुकीचं करत होते," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डच्या कपाटात खायचं ठेवू नये. तू ठेवू नको." त्या दिवशी मला हसू आलं. घरी गेल्यावर मात्र फार एकटं वाटलं.

दोन वर्षांनी, थोड्याशा आजाराने, बाई नरपडला वारल्या. कॉलेजात शोकसभा ठरली. प्राचार्य आता नवे होते, त्यांनी बाईंना पाहिलंही नव्हतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "त्यांचं सर्व्हिस बुक काढा. शिक्षण किती, जन्म कधीचा, थोडी माहिती द्या. भाषणात लागेल."

मी कपाटापाशी गेलो. किल्ली हातात होती. वर्षानुवर्षांची स्टाफरूमची पैज, सातवी की बीए की वकिली, एका पानावर लिहिलेली होती आणि ते पान माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मागणारे प्राचार्य होते, बाई गेल्या होत्या, हरकत घ्यायला कोणी नव्हतं. मी कुलपात किल्ली घातलीसुद्धा. मग ती काढली, आणि परत जाऊन सांगितलं, "सर, लेखी अर्ज लागेल. आणि घरच्यांची संमती." प्राचार्य माझ्याकडे बघतच राहिले. सभेत त्यांनी बाईंना 'उच्चविद्याविभूषित' म्हटलं. मागून भूगोलाचे सर कुजबुजले, "सातवी."

महिन्याभराने बाईंची लेक आली, वडिलांना आईची पेन्शन लागू व्हायची होती त्या कामासाठी सर्व्हिस बुकची नक्कल न्यायला. तिला मी चांगला ओळखत होतो, तिच्या बारशाचे पेढे खाल्ले नव्हते एवढंच, तिच्या मुलाच्या बारशाचे खाल्ले होते. तरीही माझ्या तोंडून गेलं, "वडिलांचं पत्र आणलंय? आणि तुमचं आधारकार्ड?"

तिने दोन्ही काढून टेबलावर ठेवली. "आईनेच सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "बोलली, आधार घेऊन जा, तो खानदेश सोडायचा नाय तुला."

मी कपाट उघडलं. चिकूचा वास अजून होता. सर्व्हिस बुक तिच्या हातात दिलं, पंखा लावला, बाक दाखवला. "बसा. सगळं वाचा, मग सही." ती पहिल्या पानापासून वाचू लागली. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मध्येच पानं उलटायची थांबली. मग ती हसल्याचा आवाज आला, आणि मग नाक ओढल्याचा.

"तुम्ही हे कधी वाचलंच नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"एवढी वर्षं इथे असून? सांगू काय लिहिलंय ते?"

मी रजिस्टर उघडून तिच्यापुढे सरकवलं आणि सहीची जागा दाखवली. बाई किती शिकल्या होत्या, ते मला आजही माहीत नाही.